सायलेन्सरला टिप बसवण्याआधी गाडीखाली वाकून बघा

प्रश्न खारघरच्या एका गाडीमालकांचा आहे. सात वर्षांची पांढरी हॅचबॅक, घेतली पेट्रोलवर, सीएनजी किट नंतर बाहेरून बसवलेलं. सायलेन्सरचा पाइप बारीक, काळपट आणि बंपरखाली थोडा आत राहिलेला, त्यामुळे गाडीची मागची बाजू उघडी-बोडकी वाटते. वाशीतल्या एका अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात त्यांना दोन तोंडांची, निळसर झाक असलेली टिप, म्हणजे पाइपच्या टोकावर चढवायची शोभेची नळी, दाखवली आणि सांगितलं, "पाइप जरा कापून वेल्ड मारतो, अर्ध्या तासात गाडी घेऊन जा." आता त्यांचं विचारणं असं की हे करावं का, आवाज बदलेल का, अ‍ॅव्हरेज पडेल का आणि पोलीस अडवतील का.

माझं काम रबाळे एमआयडीसीत, सायलेन्सर दुरुस्ती आणि फॅब्रिकेशनचं. टिप बसवायला येणारे बरेच असतात, दुसरीकडे बसवलेली टिप काढायला येणारेही कमी नसतात. म्हणून उत्तर आधी सरळ देतो. टिप जरूर बसवा. दोन तोंडांची नको. आणि गाडीखाली वेल्डिंग, तेही डिकीत सीएनजीची टाकी असताना, कोणी फुकट करून देतो म्हणाला तरी करू देऊ नका.

वेल्डिंगचं आधी घेतो, कारण बाकी सगळं चुकलं तर टिप वाया जाईल, हे चुकलं तर गाडी जाईल. तुमच्या गाडीत डिकीच्या फ्लोअरवर टाकी आहे. भरल्यावर तिच्यात साधारण २०० बारचा दाब असतो. तिथून निघणारी स्टीलची बारीक हाय प्रेशर लाइन फ्लोअरखालून पुढे इंजिनपर्यंत जाते, बाहेरून बसवलेल्या किटमध्ये ती कुठून कशी नेली आहे हे किटवाल्यालाच ठाऊक. पेट्रोलची टाकी मागच्या सीटखाली आहेच. सायलेन्सरचा मागचा डबा या सगळ्याच्या शेजारी लटकतो. त्या जागी ग्राइंडरने पाइप कापायचा म्हणजे ठिणग्या दोन-तीन फुटांवर उडणार. नंतर आर्क मारायचा म्हणजे अंडरबॉडीचं कोटिंग, वायरिंगच्या प्लास्टिक नळ्या, बंपरची खालची कड यातलं काही ना काही तापणार. गॅसचा कुठे बारीक लीक असेल तर तो त्या दिवशी कळेल, पण ज्या पद्धतीने कळेल ती तुम्हाला नको आहे. भरीला बॅटरीची निगेटिव्ह न काढता वेल्डिंगची अर्थ क्लिप चॅसीवर कुठेतरी लांब लावली, तर करंट वाट सापडेल तिथून फिरतो आणि ईसीयूपासून (इंजिनचा कॉम्प्युटर) ऑक्सिजन सेन्सरपर्यंत कशालाही झटका बसू शकतो. ऑक्सिजन सेन्सर गेला तर त्याच्या पैशात चांगल्या दोन-तीन टिपा येतील.

वेल्डिंगच करायचं असेल तर एकच रीत आहे: सायलेन्सरचा मागचा भाग गाडीवरून उतरवायचा. बहुतेक छोट्या गाड्यांत तो फ्लँजवर, म्हणजे पाइपच्या जोडाच्या चपट्या कडेवर, दोन बोल्टांनी जोडलेला आणि रबरी हँगरवर टांगलेला असतो. हँगरमधून दांडी सोडवायला साबणाचं पाणी किंवा सिलिकॉन स्प्रे वापरायचा. ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावलं तर रबर फुगून लवकर फाटतं. उतरवलेला भाग टेबलावर घेऊन आर्गन वेल्डिंगने टिप जोडायची, थंड होऊ द्यायची, मग परत चढवायची. फ्लँजमधलं रिंग गॅस्केट त्या वेळी नवीनच टाकायचं. जुनं गॅस्केट एकदा दबलं की पुन्हा नीट बसत नाही आणि मग खाली 'फुट फुट' असा लीकचा आवाज सुरू होतो. या सगळ्याला अर्धा दिवस जातो. अर्ध्या तासात होतं असं सांगणारा यातल्या नेमक्या कुठल्या पायऱ्या गाळणार आहे ते तुम्हीच मोजा.

तुमच्या गाडीला मात्र याची बहुधा गरजच नाही. बोल्टवर कसायची टिप पुरेल, फक्त पाइप खरोखर सरळ मागे येतो की नाही हे आधी बघावं लागेल. अनेक हॅचबॅकचा पाइप शेवटच्या चार-पाच इंचांत खाली वळवलेला असतो. बंपर काळा होऊ नये आणि मागून पाइप दिसू नये म्हणून कंपनीनेच तसं केलेलं असतं. अशा पाइपवर सरळ टिप बसतच नाही. बसवली तर ती जमिनीकडे तोंड करून राहते, दिसायला विचित्र, आणि पहिल्याच स्पीडब्रेकरला घासते. मागे वळणारी एल्बोची टिप मिळते, पण ती लटकलेली आणि जड असते. पाइप खाली वळलेला निघाला तर माझा सल्ला असा: पाइप आहे तसा ठेवा आणि बंपरच्या खालच्या कडेला शोभेची पट्टी किंवा चिकटवायचं खोटं तोंड लावून मोकळे व्हा. खोटं म्हणून लाजायचं काही कारण नाही. जर्मन लक्झरी गाड्यांच्या बंपरवरही आत बंद असलेली क्रोमची तोंडं बसवलेली दिसतात, खरा पाइप मागे गुपचूप खाली बघत असतो. फक्त ते तोंड चांगल्या डबल टेपने, बंपर स्पिरिटने पुसून, कोरड्या दिवशी लावा. जुलैत लावलं तर पाम बीच रोडवर कुठेतरी गळून पडेल.

पाइप सरळ असेल तर मापाकडे या. गाडी पूर्ण थंड असताना पाइपचा बाहेरचा व्यास घ्या. व्हर्नियर असेल तर सोपं, नसेल तर पाइपभोवती दोरा एक वेढा गुंडाळा, लांबी पट्टीवर मोजा आणि ३.१४ ने भागा. दोरा १३२ मिलिमीटर भरला तर पाइप ४२चा. दोरा यासाठी चांगला की जुन्या पाइपचं तोंड बऱ्याचदा गोल राहिलेलं नसतं, रिव्हर्स घेताना कुठेतरी दगडाला ठेचलेलं असतं आणि व्हर्नियर एका बाजूने ४० दाखवतो, दुसऱ्या बाजूने ४४. छोट्या पेट्रोल गाड्यांचा पाइप साधारण ३८ ते ४५ मिलिमीटरच्या घरात असतो. दुकानात टांगलेल्या 'युनिव्हर्सल' टिपांचं मागचं तोंड मात्र अनेकदा ६०च्या आसपास असतं, कारण ती सेडान-एसयूव्हीही धरून बनवलेली असतात. मग दुकानदार तीन लांब स्क्रू कसून ती मधोमध तरंगत ठेवतो. पहिल्या दिवशी छान दिसतं, पण वीस मिलिमीटरचा फरक तीन स्क्रूंच्या टोकांवर तोलला जात असतो, त्यामुळे महिनाभरात टिप मान टाकते. टिपचं आतलं माप पाइपच्या बाहेरच्या मापापेक्षा एक ते तीन मिलिमीटरच मोठं असावं. तेवढं मिळत नसेल तर मध्ये स्टीलची स्लीव्ह घालून घ्या, कुठलाही लेथवाला काढून देतो. पत्र्याच्या डब्याची पट्टी कापून गुंडाळणारेही भेटतील, त्यांना नमस्कार करा.

सोबत पाइपचा सरळ भाग किती लांब मोकळा आहे तेही मोजा. टिपची पकड निदान पाच सेंटिमीटर तरी पाइपवर चढलेली असावी.

आता टिप किती बाहेर येणार आणि बंपरपासून किती लांब राहणार. माझ्या मते या कामातला सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी बघितला जाणारा भाग हाच आहे.

बंपर पॉलिप्रॉपिलीनचा असतो. तो साधारण १६० अंशांना वितळतो, पण नरम पडून वाकडा व्हायला त्याच्या बराच आधी सुरुवात होते. ट्रॅफिकमध्ये मागच्या टोकाला पाइप तितका तापत नाही, पण द्रुतगती मार्गावर चार माणसं घेऊन खंडाळ्याचा घाट चढलात तर टोकाचं तापमान दोनशेच्या आसपास किंवा वरही जाऊ शकतं. म्हणून टिपच्या सगळ्या बाजूंनी बंपरपासून निदान २० मिलिमीटर जागा मोकळी हवी, वरच्या बाजूला आणखी थोडी, कारण गरम हवा वरच जाते. शिवाय सायलेन्सर रबरावर टांगलेला असल्यामुळे तो हलतो. घोडबंदर रोडवर गायमुखच्या खड्ड्यांतून गाडी गेली की मागचा डबा वर-खाली, डावी-उजवीकडे चांगला झुलतो. हाताने टिप धरून चारी बाजूंना जोरात हलवून बघा. तेव्हा बंपरला लागली तर खड्ड्यात नक्की लागणार.

आणखी एक हालचाल आहे, ती डोळ्यांना दिसत नाही. लोखंड तापलं की वाढतं. इंजिनपासून मागपर्यंत तीन मीटर लांबीची लाइन सरासरी अडीचशे अंशांनी तापली तर ती सात-आठ मिलिमीटरने लांबते, आणि पुढून इंजिनला बांधलेली असल्यामुळे यातली बरीच वाढ मागच्या बाजूला येते. थंड गाडीवर टिप बंपरच्या कडेशी अगदी बरोबर जुळवली असेल तर गरम झाल्यावर ती थोडी बाहेर दिसेल. हा दोष नाही, सोडून द्यायचं. पण टिपला बंपरच्या कटआउटमध्ये घट्ट बसवायचा हट्ट कोणी धरत असेल तर त्याला हे सांगा.

टिप किती बाहेर हवी? कडेच्या बरोबरीने किंवा फार तर एक-दीड सेंटिमीटर पुढे. जास्त बाहेर काढलेली टिप सोसायटीच्या पोडियम पार्किंगमध्ये भिंतीला आधी टेकते. तिचा धक्का थेट हँगर आणि डब्याच्या जोडाला बसतो, आणि सात वर्षांच्या डब्याचा पत्रा आधीच पातळ झालेला असतो. डिकीतून सामान काढताना पोटरी भाजल्याच्या तक्रारीही अशाच टिपांच्या असतात. मुलं गाडीमागे खेळत असतील तर हे आणखी जपा.

उलट टिप आत राहिली, किंवा पाइप 'जरा कापून' आखूड झाला, तर त्रास वेगळा आणि जास्त गंभीर. गाडी पळताना तिच्या मागे हवेची पोकळी तयार होते आणि बंपरखाली सोडलेला धूर त्या पोकळीत घुटमळतो. बंपरची आतली बाजू काळी होते तो त्यातला साधा भाग. बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटमध्ये डिकीच्या फ्लोअरला भोकं पाडलेली असतात, गॅसची लाइन आणि टाकीच्या व्हॉल्व्हवरच्या व्हेंटच्या नळ्या बाहेर काढण्यासाठी. त्या भोकांचे रबरी बूच काही वर्षांत कडक होतात, सुटतात, काहींना तर पहिल्या दिवसापासून नुसता एमसील थापलेला असतो. आखूड पाइपमधला धूर तिथून डिकीत आणि डिकीतून केबिनमध्ये येऊ शकतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. शिळफाट्याला तासभर अडकलात, काचा बंद, एसी चालू, मागच्या सीटवर मूल झोपलेलं: डोकं दुखायला लागलं तर आपण ट्रॅफिकला दोष देतो. म्हणून पाइप कापू नका, आणि टिपच्या निमित्ताने गाडी रॅम्पवर चढेलच तेव्हा ते बूच एकदा तपासून घ्या. टिपपेक्षा ते काम मोलाचं आहे.

दोन तोंडांच्या टिपेला नाही म्हणायची कारणंही इथेच येतात. एका ४२च्या पाइपमधून दोन मोठी तोंडं फुटलेली, म्हणजे वजन जास्त आणि तेही डब्यापासून लांब टोकाला. साधी टिप तीनशे-चारशे ग्रॅमची असते, ती हँगरला कळतही नाही. दुहेरी जाड टिप किलो-दीड किलोची निघू शकते, तिने मागचं रबर ताणून पाइप खाली झुकतो. दुसरी अडचण पीयूसीची. तपासणीची नळी पाइपमध्ये साधारण फूटभर आत जावी लागते, तेव्हाच बाहेरची हवा न मिसळलेला धूर यंत्रापर्यंत पोहोचतो. दोन तोंडांच्या टिपेत ती नळी आतल्या फाट्यावर अडकते, पीयूसीवाला वैतागून तशीच ठेवतो आणि दुसऱ्या तोंडातून हवा मिसळते. बीएस-४ आणि पुढच्या पेट्रोल गाड्यांना जास्त आरपीएमवर लॅम्डाही (हवा आणि इंधनाच्या प्रमाणाचा आकडा) बघितला जातो, हवा मिसळली की तो आकडा बिघडतो आणि इंजिन निर्दोष असताना गाडी नापास होते. आत जाळी किंवा खालच्या बाजूला वाकवलेली पट्टी असलेल्या टिपांचंही तसंच. शिवाय, हे माझं मत समजा, हजार-बाराशे सीसीच्या गाडीला मागे दोन तोफा लावल्या की त्या तोफा तेवढ्या दिसतात, गाडी दिसत नाही.

धातूबद्दल दुकानात सर्रास फसवणूक होते, तेव्हा जरा सविस्तर. बाजारात ढोबळपणे तीन माल असतात. पहिला, साध्या लोखंडावर क्रोमचं पातळ पाणी चढवलेला. चार-पाचशे रुपयांत मिळतो, आणि आपल्याकडे एक पावसाळा झाला की कडेने फोड येऊन सोलायला लागतो. दुसरा, २०१ ग्रेडचं स्टील. त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त, दिसायला हुबेहूब चांगल्या स्टीलसारखा. तिसरा ३०४ ग्रेड, ज्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. किंमत हजाराच्या वर, चांगल्या जाडीच्या टिपेला दोन-अडीच हजारही पडतात. दुकानदार चुंबक लावून दाखवेल, "बघा साहेब, चिकटत नाही, ३०४ आहे." चुंबकाने फक्त पहिला माल पकडता येतो. २०१लाही चुंबक चिकटत नाही. उलट खऱ्या ३०४ला जिथे दाबून वाकवलेलं असतं त्या कडेला थोडासा ओढा जाणवू शकतो, तेवढ्यावरून तो नकली ठरवू नका. मग ओळखायचं कसं? वेल्डचा जोड आतून बघा, भिंतीची जाडी बघा, ग्रेड कोरलेला आहे का आणि बिलावर लिहून देतो का ते बघा. बिलावर लिहून द्यायला का-कू करणारा बहुधा २०१ विकतोय.

इकडे ग्रेडचा इतका विचार का करायचा, तर खाडी. वाशी, ऐरोली, नेरूळ, इकडे ठाण्यात कळवा, कोलशेत, घोडबंदरची खाडीकडची बाजू, सगळीकडे हवेत मीठ आहे, आणि क्लोराइड हा स्टेनलेसचा शत्रू आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यात वर कारखान्यांची हवा. २०१वर इथे वर्ष-दीड वर्षात तपकिरी ठिपके उठतात. नाशिकला तीच टिप बरीच जास्त टिकेल. ३०४ सुद्धा डागाळतो, पण पॉलिशने निघतो.

पाणी आतूनही येतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं, आणि एक किलो सीएनजी जळला की सव्वादोन किलोच्या आसपास पाणी. सीएनजीच्या गाड्यांचे सायलेन्सर आतून कुजतात त्याचं एक कारण हेच. खारघर ते बेलापूर इतकीच रोजची फेरी असेल तर डबा पुरता तापतच नाही आणि पाणी आत साठतं. म्हणून टिप बसवताना दोन गोष्टी सांभाळा. टिपला मागच्या बाजूला किंचित उतार हवा, पाणी बाहेर यावं म्हणून. आणि डब्याच्या खाली बारीक भोक असेल तर ते कंपनीने पाण्यासाठीच ठेवलेलं आहे, 'लीक आहे' म्हणून उत्साहाने वेल्ड करून बुजवणारे कारागीर असतात, त्यांना थांबवा.

निळ्या रंगाविषयी: टायटॅनियम किंवा स्टील खरोखर तापवलं की पिवळा, जांभळा, निळा असे रंग चढतात. स्टेनलेसला पिवळसर झाक तीनशे अंशांच्या आसपास येते, निळा त्याच्या बराच पुढे. तुमच्या गाडीचं टोक तितकं तापणारच नाही, त्यामुळे दुकानातली निळी टिप ही बाहेरून रंगवलेली किंवा टॉर्चने तापवलेली आहे. टॉर्चवाली टिकते, पण घासलीत की रंग उतरतो. रंगवलेली वर्षात फिकी पडते. पांढऱ्या गाडीला साधी ब्रश केलेली किंवा काळी मॅट टिप जास्त शोभते असं मला वाटतं, पण डोळे तुमचे, गाडी तुमची.

बसवायच्या दिवशी गाडी थंड हवी. पाइपच्या टोकाची काजळी आणि गंज वायर ब्रशने घासून काढा, स्पिरिटने पुसा. पाइपचा गंज मात्र जरा नीट बघा. कंपनीचा पाइप बहुधा ४०९ ग्रेडचा असतो. त्याला चुंबक चिकटतं आणि वरवर लालसर गंज येणं त्याला नैसर्गिक आहे. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबून बघा. कडक लागला तर ठीक, पापुद्रा सुटून टोक आत गेलं तर टिप विसरा, आधी सायलेन्सर बदला. पाइप आणि टिपच्या मधल्या फटीत पाणी अडकून तिथेच पाइप कुजतो, म्हणून चढवण्याआधी पाइपवर कॉपर पेस्टचा पातळ हात मारा. उच्च तापमानाला चालणारी ही पेस्ट ऑटो पार्टच्या दुकानात मिळते. स्क्रूंच्या आट्यांनाही तीच लावा. स्टीलचा स्क्रू स्टीलच्याच आट्यात कोरडा कसला तर तो असा जाम होतो की पुढे कापावाच लागतो.

पकडीचा प्रकार निवडता आला तर मागे चीर असलेला आणि पट्ट्याच्या क्लँपने आवळणारा घ्या, त्याचा दाब सगळीकडे सारखा बसतो. तीन स्क्रूंचाच असेल तर एक पूर्ण कसून मग दुसरा असं करू नका, तिन्ही थोडे थोडे फिरवत न्या आणि खाली स्प्रिंग वॉशर टाका. नंतर गाडीच्या मागे आठ-दहा फुटांवर उकिडवे बसा आणि टिप नंबरप्लेटच्या कडेशी समांतर आहे का ते बघा. जवळून सरळ वाटलेली टिप लांबून तिरकी दिसते आणि एकदा दिसली की रोज खुपते. शंभरेक किलोमीटर चालवून, थंड झाल्यावर, स्क्रू पुन्हा एकदा कसा. पहिल्या काही वेळा तापून निवल्यावर पकड सैल पडतेच.

आवाज आणि अ‍ॅव्हरेजचं लवकर संपवतो. सायलेन्सरच्या डब्याला हात न लावता फक्त टिप बसवली तर ताकद वाढत नाही, अ‍ॅव्हरेज वाढत नाही आणि पडतही नाही. आवाजाचा पोत किंचित बदलतो, मोठ्या तोंडाची टिप असेल तर थोडा घुमल्यासारखा, तोही बाहेर उभ्या माणसाला. दुहेरी भिंतीची टिप त्यातल्या त्यात शांत. टिप लावल्यावर पिकअप सुधारला असं सांगणारे मित्र असतात, त्यांच्याकडून चहा प्या.

कायद्याचं. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार कंपनीच्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीने मालकाने केलेल्या अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. आवाज आणि धुराचे नियम मोडले तर कलम १९० खाली पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय लायसन्स तीन महिन्यांसाठी अपात्र ठरतं. हे सायलेन्सर बदलणाऱ्यांसाठी, डबा कापून सरळ पाइप टाकणाऱ्यांसाठी आहे. मूळ सायलेन्सर शाबूत ठेवून बाहेरून बोल्टवर कसलेली, आवाज न वाढवणारी टिप ही माझ्या मते शोभेची वस्तू आहे, आणि अशा टिपेवरून माझ्या गिऱ्हाइकांना कोणी अडवल्याचं मी ऐकलेलं नाही. तरी अडवलंच तर ती पान्याने काढून दाखवता येते, वेल्ड केलेली येत नाही, हाही बोल्टवाल्या टिपेचा एक फायदा. तुमचं सीएनजी किट आरसी बुकवर आणि इन्शुरन्समध्ये चढवलेलं आहे ना, ते मात्र आधी बघा. तपासणीत त्याचीच चौकशी आधी होईल.

निगा सोपी आहे. पंधरा दिवसांनी गाडी धुताना टिपही साबणाच्या पाण्याने आतून-बाहेरून धुवा, पण गरम असताना नाही. काजळी चिकटली तर मेटल पॉलिश आणि मऊ फडकं. भांडी घासायची लोखंडी काथ्या वापरू नका, तिचे कण स्टेनलेसमध्ये रुततात आणि तेच गंजून टिप गंजल्यासारखी दिसते. टॉयलेट साफ करायचं अ‍ॅसिड तर लांबच ठेवा. त्यात हायड्रोक्लोरिक असतं, टिप दोन मिनिटं चकाचक दिसते आणि आठवड्यात तिला सुईने टोचल्यासारखे खड्डे पडतात. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीची टिप तशीही बऱ्यापैकी स्वच्छ राहते. लवकर काळ्या होतात त्या जुन्या डिझेलच्या आणि डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो पेट्रोल गाड्यांच्या. तुमची गाडी सीएनजीवर असूनही टिप सारखी काळी होत असेल, तर दोष टिपेचा नाही. गाडी बहुतेक वेळ पेट्रोलवर पळते आहे किंवा किटचं ट्यूनिंग बिघडलं आहे, तेव्हा तिला आधी गॅस किटवाल्याकडे न्या.